टाकी वर आली तो दिवस

क्रेनचा दोर ताणला गेला तसा जमिनीनं आवंढा गिळल्यासारखा आवाज केला, आणि टाकी सुटली. त्रेचाळीस वर्षं मातीच्या पोटात निजलेली ती लोखंडी म्हैस चिखल निथळवत वर आली, हवेत अर्धं वळण घेऊन थांबली. तिच्या मागोमाग वास आला.

या वासातच धाकटी लहानाची मोठी झाली होती. आईच्या पदराला हा वास, वहीच्या पानांना हा वास. वर्गातल्या मुली तिला 'पेट्रोलबाई' म्हणायच्या, आणि त्यात चिडण्यासारखं काय आहे हे तिला कळायचं नाही. पण आजचा वास वेगळा होता. कोंडलेला, आंबलेला, बोलायचं ते वेळेवर न बोलल्यामुळे कडवट झालेल्या माणसासारखा. तिनं हातमोजे चढवले, हातातलं वाफ मोजायचं यंत्र खड्ड्याच्या कडेवरून खाली धरलं. माती-पाणी तपासणं हीच तिची नोकरी होती. यंत्र टिटवीसारखं ओरडायला लागलं.

वरची हातभर माती तांबूस होती. तिच्याखाली मात्र ती हिरवट-करडी पडली होती, आणि त्या रंगाची एक जीभ खड्ड्याच्या भिंतीतून उताराच्या बाजूला गेली होती.

"किती दाखवतंय?" थोरल्यानं वरून विचारलं.

"यंत्राची हद्द संपली, दादा."

"म्हणजे यंत्र बिघडलंय."

"कालच कारखान्यातून तपासून आणलंय."

"मग कारखाना बिघडलाय," थोरला म्हणाला आणि क्रेनवाल्याकडे वळून ओरडला, "ठेवा खाली, ठेवा. लोंबकळत काय ठेवलीय, वाढदिवस आहे का तिचा?"

टाकी लाकडी ओंडक्यांवर टेकली. आदल्या दिवशीच ती रिकामी करून आतली वाफ काढून टाकली होती, त्यामुळे जवळ जायला हरकत नव्हती. तरी कुणी गेलं नाही. गेले ते अण्णा, थोरल्या-धाकटीचे वडील. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा सकाळपासून पंपाच्या पत्र्याखाली खुर्ची टाकून बसले होते. ते उठले, खिशातला रुमाल काढला आणि टाकीच्या पोटाखाली वाकून एका ठिकाणचा चिखल पुसू लागले. इकडे नाही, तिकडे नाही. नेमकं एकाच ठिकाणी.

धाकटी त्यांच्या शेजारी जाऊन वाकली. पत्र्याला बाहेरून टेंगूळ आलं होतं, लिंबाच्या फोडीएवढं. टेंगळाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं, आणि भोकाभोवती काळपट ओल. बाकी सगळा पत्रा धडधाकट होता. अण्णांनी मान वर करून पाहिलं. टेंगळाच्या बरोबर वर, ओळंबा सोडावा तसं, टाकीत पेट्रोल भरायचं तोंड होतं.

"गंज लागलाय," थोरला मागून म्हणाला. "त्रेचाळीस वर्षांत माणूस गंजतो."

अण्णांनी त्या भोकावर करंगळी टेकवली, जरा वेळ तशीच ठेवली आणि परत खुर्चीवर जाऊन बसले.

धाकटीला मात्र कळलं. रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी त्या तोंडातून मापाची काठी टाकीत जायची. लाकडी काठी, खाली पितळी बूट. दुसऱ्या पंपांवर काठी अलगद उतरवतात. या घरात ती सोडायची रीत होती. अलगद उतरवलेली काठी गाळावर टेकते आणि खोटं माप सांगते, असं आईचं म्हणणं. काठी वरून सुटली पाहिजे, गाळ फोडून तळाला लागली पाहिजे. दोन्ही पोरांना तिनं ते गाण्यात शिकवलं होतं:

काठी सोड उंचावरून, तळ वाजू दे खणाण
काठी खोटं नाही बोलत, तिला धरणीची आण

रोजचा एक ठोका. त्रेचाळीस वर्षं. धाकटीनं मनातल्या मनात गुणाकार केला: पंधरा हजारांच्या वर ठोके, सगळे एकाच जागी. दुसऱ्या टाक्यांना त्या जागी आतून एक जाड चकती डकवलेली असते. ही टाकी अण्णांनी जुनी घेतली होती, तिला चकती नव्हती, आणि चकती असते हेच या घरात कुणाला माहीत नव्हतं. ज्या खरेपणाचा घराला अभिमान, त्यानंच तळ पोखरला होता.

*

पंपाच्या काचेच्या खोलीत वहिनीनं, थोरल्याच्या बायकोनं, चहा ओतला आणि कप सरकवताना पाहुण्याच्या बुटांकडे पाहिलं. इतके स्वच्छ बूट या खोलीत कधी आले नव्हते. जमीन विकत घेणाऱ्या कंपनीचा माणूस. घरात त्याचं नाव 'सूटवाला' पडलं होतं, आणि त्याचा सूट खरोखरच चांगला होता.

"मुरमाचा ट्रक कोपऱ्यावर उभा आहे," सूटवाला थोरल्याला म्हणाला. "दुपारपर्यंत खड्डा बुजतो. उद्या वर काँक्रीट. या कागदावर अण्णांची, तुमची आणि वहिनींची सही झाली की माझं काम संपलं."

वहिनीनं कागद वाचला. जुनी टाकी काढली. गळती आढळली नाही. परिसर स्वच्छ आहे. खाली तीन रेघा. तिसरी तिची, कारण सासूबाई गेल्यापासून पंपाचा परवाना तिच्या नावावर होता.

"गळती आढळलेली आहे," दारात उभी राहून धाकटी म्हणाली. तिच्या बुटांना हिरवट चिखल होता.

"ताई, तुम्ही तीन बोअर घेतल्या. तिन्हींचं पाणी जवळजवळ ठीक आहे. अहवालात तेच येऊ द्या."

"तिन्ही बोअर उताराच्या उलट्या बाजूला आहेत. त्यांतल्या पाण्याची पातळी मोजल्यावर कळलं, जमिनीखालचं पाणी शेजारच्या लाँड्रीकडे वाहतं. चौथी बोअर लाँड्रीच्या अंगणात घ्यावी लागेल."

"नियमात तीनच आहेत."

"नियमात 'किमान तीन' आहेत."

"धाकटे," थोरला म्हणाला, "अहवालावर सही तुझ्या साहेबांची आहे. तू घरची म्हणून तुझी चालतसुद्धा नाही. मग तू कशाला नाचतेस?"

"साहेब सही करतील ती मी नेलेल्या बाटल्यांवर, दादा."

वहिनीला राग आला, आणि तो नणंदेचाच आला. "तू सहा महिन्यांतून एकदा येतेस," ती म्हणाली. "बाटल्या भरतेस, चिठ्ठ्या चिकटवतेस, जातेस. इथं बावीस वर्षं मी बसले आहे. माझं डोकं दुखतं म्हणून मी गोळी घेते, गोळीनं पोट दुखतं म्हणून दुसरी. मला खिडकी उघडली की वारा येईल असं घर हवंय. वारा, बाई. एवढंच."

यावर धाकटीकडे यंत्र नव्हतं.

थोरल्यानं बायकोकडे कृतज्ञतेनं पाहिलं. सूटवाल्यानं पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात काचेचं दार ढकलून लाँड्रीवाले काका आत आले. हातात पांढरा सदरा, इस्त्री केलेला, घडी न मोडलेला.

"हुंग," ते थोरल्याला म्हणाले.

"काका, आत्ता नको."

"हुंग रे. लहानपणी बोरं चोरायला येत होतास तेव्हा वेळकाळ बघितलास का?"

थोरल्यानं सदरा नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

"कालच एका गिऱ्हाइकानं विचारलं," काका म्हणाले, "हा सदरा घालून विडी ओढली तर चालेल का, की अंतर ठेवून ओढायची." वहिनीला हसू आलं, तिनं ते कपात लपवलं. काका मात्र हसत नव्हते. "चेष्टा सोडा. बायकोचे दोन्ही हात सोलवटलेत. दिवसभर आमच्या विहिरीच्या पाण्यात असतात. डॉक्टर म्हणतो साबण बदला. चार साबण बदलले."

"तुमच्याकडेच ते कपडे धुवायचं रसायन असतं," थोरला म्हणाला. "त्याचा वास असेल."

"ते मी बंद केलं त्याला बावीस वर्षं झाली. तुझ्या लग्नाचा कोट विरला त्या दिवशी."

"मग पुरावा आणा. नुसत्या वासावर कुणाच्या दारात येऊ नये."

काकांनी सदऱ्याची घडी पुन्हा नीट केली. "पुराव्यासाठीच आलोय. या पोरीला माझ्या अंगणात भोक पाडू दे. निघालं काही तर तुझं, नाही निघालं तर माझं. मी गप्प बसेन, लिहून देतो."

*

थोरला खिडकीशी गेला. बाहेर ती टाकी आडवी पडलेली, आणि तिच्यासमोर अण्णा. काहीतरी बोलायला हवं होतं. त्याला एकच गोष्ट आठवत होती आणि तीच त्याला बोलायची नव्हती.

दोन वर्षांपूर्वीची सकाळ. त्यानं काठी सोडली आणि खाली 'खणाण' वाजलं नाही. थप्प. ओल्या गोणीवर काठी मारावी तसं. त्यानं पुन्हा सोडली. थप्प. गाळ साठला असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पुढे माप रोज थोडं कमी भरायला लागलं तेव्हा म्हणाला, ऊन फार आहे, उडतं. थंडीतही कमी भरलं तेव्हा काहीच म्हणाला नाही. पण रोज सकाळी काठी जास्त उंचावरून सोडायला लागला. जोरात, अजून जोरात. आई गेल्यापासून तिचा म्हणून एवढाच एक आवाज घरात उरला होता. तो परत यावा म्हणून तो ठोकत राहिला. आता टाकीच्या पोटावरचं ते टेंगूळ पाहून त्याला कळलं होतं, शेवटचा घाव कुणाचा.

दार उघडलं. अण्णा आत आले. कुणीतरी खुर्ची सरकवली, ते बसले नाहीत.

"काठीचा आवाज कधी गेला?" त्यांनी विचारलं.

प्रश्न कुणालाच उद्देशून नव्हता, म्हणून सगळ्यांनाच लागला.

"अण्णा, तुम्ही घरी चला," थोरला म्हणाला. "ऊन झालंय."

"मी ऊन विचारलं नाही."

"गंज आहे तो. कोणीही सांगेल. निसर्गाचं काम."

"निसर्ग एवढा नेम धरून बसत नाही," अण्णा म्हणाले. "ते माझं काम आहे. चाळीस वर्षं मी ठोकलंय, मला माझा ठोका ओळखू येत नाही? पण मला एवढंच कळायचंय, की तळ गेला हे कुणाला कळलं होतं का. मी दोन वर्षांमागं गुडघ्यानं बसलो, काठी याच्या हातात दिली. तेव्हा वाजत होती."

सूटवाला मध्ये पडला. "अण्णा, गंज लिहू आपण. गंजाला वडील नसतात, कुणावर येत नाही. तुमच्या वयाला कशाला त्रास."

"माझ्या वयाला काय झालंय?"

थोरल्याची नजर वहिनीकडे गेली. बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाची ती नजर होती, आणि तिला ती अक्षर न अक्षर वाचता येत होती. सांगू नकोस.

वहिनीनं कप खाली ठेवला. रोज सकाळी याच खोलीत चहा ठेवताना ती तो आवाज ऐकायची. 'खणाण' झालं की दूध ओतायचं, अशी हाताला सवयच लागली होती. एक दिवस दूध तसंच हातात राहिलं, चहा उकळून कडू झाला. त्या दिवशी नवऱ्यानं कडू चहा मुकाट्यानं प्यायला, आणि तिनं मुकाट्यानं दिला. दोघांनीही विचारलं नाही. तेव्हाच तिची सही होऊन गेली होती, तिला आत्ता वाटलं. हा कागद नुसता मागाहून आला होता.

"दोन वर्षं होत आली, अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही बसलात त्याच्या पुढच्याच महिन्यात. यांना कळलं, मला कळलं. दोघंही गप्प बसलो."

"अगं," थोरला म्हणाला. नुसतंच 'अगं'.

"अहो, किती दिवस? काकांच्या बायकोच्या हातांची सालं निघालीत. मला वारा हवाय म्हणून मी दुसऱ्याच्या विहिरीवर झाकण घालू?" ती सूटवाल्याकडे वळली. "परवाना माझ्या नावावर आहे. मी सही करत नाही."

"वहिनी, विचार करा. व्यवहार मोडेल."

"मोडू दे. आणि मी तुमची वहिनी कधी झाले?"

सूटवाल्यानं कागद गोळा केले, पण आवाज चढवला नाही. अशा खोल्यांतून तो बऱ्याचदा उठून गेलेला असावा. "ही जमीन मग कुणी घेणार नाही," तो म्हणाला. "सरकारी कचेरी तुमच्या मागं लागेल. माती उकरा, पाणी उपसा, वर्षानुवर्षं. पंप बंद पडेल."

"पंप मघाशी क्रेनला टांगला होता," अण्णा म्हणाले. "तुम्ही बघायला हवं होतं. आता तुमचा मुरूम घेऊन जा. रस्त्यात ट्रक उभा राहिला की लोकांना अडचण होते."

*

लाँड्रीच्या अंगणात दोरीवर चादरी वाळत होत्या. त्या बाजूला सारून धाकटीनं जागा धरली आणि हाताचा गिरमिट जमिनीत फिरवायला लागली. पीळ भरला की वर काढायचा, माती पिशवीत, चिठ्ठी, पुन्हा आत. दोन हात खोल गेल्यावर तिचे खांदे भरून आले. थोरला तिच्यामागे येऊन उभा होता. त्यानं गिरमिटाची मूठ तिच्या हातातून घेतली.

"सरळ धर," ती म्हणाली. "तिरका गेला तर अडकतो."

"मला शिकवू नकोस."

"आधी हातमोजे घाल. शिकला असतास तर आज हे उकरावं लागलं नसतं."

त्यानं हातमोजे घातले, गिरमिट फिरवला. अण्णा चौथऱ्यावर बसून पाहत होते. मुलगा आणि मुलगी एका भोकाभोवती वाकलेली, लहानपणी मुंगळ्यांचं वारूळ बघायला वाकायची तशी. शेजारी काकांची बायको उभी होती, हात पदरात गुंडाळून. अण्णांनी तिला हात दाखवायला सांगितले. तिनं दाखवले. अण्णांनी मान वळवली नाही. पुरेसा वेळ पाहिले.

"हे आमच्यामुळं," ते म्हणाले. "माझी काठी, पोराचं मौन. दोन्ही आमच्याच घरचं."

"नुसतं सांगून हात बरे होत नाहीत, अण्णा," ती म्हणाली.

"नाही होत."

आठ हातांवर पाणी लागलं. धाकटीनं भोकात जाळीदार नळी उतरवली, पाणी निवळू दिलं, मग काचेसारखी आरपार दिसणारी एक बारीक नळी दोरीनं खाली सोडली. अलगद. नळी वर आली तेव्हा तिनं ती उन्हाकडे धरली. खाली गढूळ पाणी, आणि त्याच्यावर, वेगळा, पिवळसर, स्वच्छ थर. तिनं बोटं लावली. दोन बोटं जाड.

काकांना पुरावा मिळाला होता, पण ते जिंकल्यासारखे दिसत नव्हते.

"विहीर आजपासून बंद," धाकटी म्हणाली. "कपड्यांनाही नाही, झाडांनाही नाही. पाण्याचा टँकर उद्या सकाळी इथं उभा राहील, तो आम्ही आणू. खड्ड्यातली घाण माती उचलून न्यायची. मग पंपापासून इथपर्यंत भोकाभोकांच्या नळ्या पुरायच्या. काहींतून वाफ ओढून घ्यायची, काहींतून वरचं पेट्रोल उपसायचं. पाणी कोळशातून गाळायचं. पुढं खालून हवा सोडायची, म्हणजे मातीतले जिवाणू उरलेलं खातात. ते खातात, पण सावकाश."

"किती सावकाश?" काकांनी विचारलं.

"आठ वर्षं. दहा. खोटं सांगणार नाही."

"दहा वर्षं हे लक्षात ठेवणार कोण?" काका म्हणाले. "तू तुझ्या गावी, हा याच्या व्यापात. अण्णा तर…" ते थांबले.

"मी अठ्ठ्याऐंशीचा होईन," अण्णा म्हणाले. "होईन मी. तुझं काही म्हणणं आहे का?"

काकांच्या बायकोला अचानक हसू फुटलं. पदर तोंडाशी न्यायला तिनं हात उचलला आणि दुखलं म्हणून तसाच खाली ठेवला.

धाकटीनं कागदावर चौथ्या भोकाची खूण केली, पंपाकडून लाँड्रीकडे एक रेघ ओढली. रेघ लाँड्रीपाशी थांबेना. तिनं पेन्सिल अंगणाच्या भिंतीपर्यंत नेली आणि उचलली. अण्णा पाहत होते.

"पाणी भिंतीशी थांबतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पलीकडे कोण राहतं?"

"नवीन माणसं आहेत," काका म्हणाले. "दोन महिने झाले. हातपंप आहे त्यांच्याकडे. तान्हं बाळ आहे."

अण्णांनी चौथऱ्यावर हात टेकला आणि उठले. गुडघ्यानं कुरकुर केली, त्यांनी ती ऐकून घेतली नाही.

"अण्णा, तुम्ही बसा," थोरला म्हणाला. त्याचे हात कोपरापर्यंत हिरवट झाले होते. "मी जाऊन सांगतो."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. आज सकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"चल," ते म्हणाले. "मी कडी वाजवतो. सांग तू."